या कॅमेऱ्याने किती पावसाळे पाहिलेत?

"चार वर्षं नुसता कपाटात होता दादा, कोणी हातसुद्धा लावला नाही," असं तो मुलगा मोठ्या अभिमानाने सांगत होता. दादर पूर्वेला, स्टेशनबाहेरच्या एका उडप्याकडे आम्ही तिघं बसलो होतो: मी, माझी भाची आणि कॅमेरा विकायला आलेला हा तरुण. कॅमेरा खरोखरच नवाकोरा दिसत होता. ओरखडा नाही, रबर कुठे सुटलेलं नाही, पट्टासुद्धा घडी न मोडलेला. भाची टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावून खुणावत होती, की घेऊन टाकूया.

मी लेन्स काढली, दोन्ही बाजूंची टोपणं काढली, मोबाइलचा टॉर्च मागून धरला आणि पुढून जरा तिरप्या नजरेने आत पाहिलं. काचांच्या मधोमध पांढुरके, केसाहून बारीक धागे कडेपासून आत पसरले होते, प्रत्येकाला फाटे फुटलेले.

"मामा, आत केस गेलाय का कोणाचा?"

"केस नाही गं. बुरशी आहे."

त्या मुलाने आम्हाला फसवलं नव्हतं. कॅमेरा खरंच चार वर्षं कपाटात होता. मुंबईत तेवढंच पुरतं. आपल्याकडे जुनी गाडी घेताना 'कमी चालली आहे' हे ऐकून बरं वाटतं, कारण गाडी चालून झिजते. कॅमेरा मात्र या शहरात न वापरताही खराब होतो, आणि बरेचदा न वापरल्यामुळेच होतो. सेकंडहँड कॅमेऱ्यावर लिहिलेले बहुतेक सल्ले कोरड्या हवेच्या देशांतले असतात. त्यांत शटर, सेन्सर, मेगापिक्सेल अशी सगळी चर्चा असते आणि बुरशीला शेवटी एक ओळ मिळते. मी मुंबईत राहतो, म्हणून बुरशीपासूनच सुरुवात करतो.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. लेन्स पूर्ण हवाबंद नसते. झूम फिरवलं की ती थोडी हवा आत ओढते आणि हवेबरोबर बीजाणूही जातात. तेवढ्याने काही बिघडत नाही. त्यांना अंधार, थांबलेली हवा, थोडी धूळ किंवा बोटांचं तेल आणि भरपूर ओल मिळाली, की ते रुजतात. हवेतली आर्द्रता साधारण ६० ते ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली, की धोका सुरू होतो. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० च्या वर असते. त्यात कॅमेरा कापडी नाहीतर रेक्झिनच्या बॅगेत आणि ती बॅग लाकडी कपाटात, म्हणजे बुरशीसाठी अगदी पाहुणचार. बुरशी वाढताना आम्ल सोडते. त्या आम्लाने आधी काचेवरचा लेप खाल्ला जातो आणि पुढे काचही. म्हणून उशिरा साफ केलेल्या लेन्समध्ये धागे जातात, पण त्यांचे डाग कायमचे राहतात.

सुरुवातीला फोटोत काहीच दिसत नाही, आणि विकणारा नेमकं तेच दाखवतो: "बघा, फोटो क्लिअर येतोय." कडेला एखादा धागा असेल तर फोटोवर खरोखरच परिणाम होत नाही. पण बुरशी मधल्या भागात आली की समोरून उजेड येताना फोटो धुरकट होतो, काळा रंग काळा राहत नाही. दुरुस्ती होते. कारागीर लेन्स खोलून काचा पुसून देतो. कॅमेऱ्याबरोबरच मिळणाऱ्या साध्या किट लेन्सवर एवढा खर्च करण्यापेक्षा दुसरी लेन्स घेतलेली परवडते. माझं मत विचाराल, तर मधोमध बुरशी दिसली की भावाची घासाघीससुद्धा करू नका. चहाचे पैसे द्या आणि उठा.

टॉर्चने बघण्यात थोडी खुबी आहे. लेन्सच्या पोटात बारीक पात्यांचं एक भोक असतं, ते अॅपर्चर. ते पूर्ण उघडं असल्याशिवाय आतल्या सगळ्या काचा दिसत नाहीत. कॅननच्या ईएफ लेन्स कॅमेऱ्यापासून सुटल्यावर उघड्याच राहतात. निकॉनच्या बऱ्याच जुन्या लेन्समध्ये पाती मिटलेली असतात. मागे एक छोटा लिव्हर असतो, तो बोटाने हलकेच सरकवून धरला की पाती उघडतात. मग टॉर्चचा कोन बदलत पाहायचं. आत धुळीचे चार-दोन कण दिसतीलच. ते प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात आणि त्यांनी काही होत नाही. धागे, कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी किंवा संपूर्ण काचेवर दुधाळ थर, या तीन गोष्टी मात्र हेरायच्या. पात्यांवर तेलाची चकाकी असेल तर तीही वाईट, कारण अशी पाती चिकटतात आणि फोटो कधी उजळ, कधी काळा येतो.

आता शटर. कॅमेऱ्याच्या पोटात सेन्सरसमोर, म्हणजे उजेड टिपून फोटो बनवणाऱ्या चकतीसमोर, दोन पडदे असतात. बटण दाबलं की पहिला सरकतो, सेन्सरवर उजेड पडतो, मग दुसरा येऊन झाकतो. दर फोटोला ही सगळी हालचाल होते, म्हणून पडद्यांची यंत्रणा झिजते. किती फोटो झाले त्याचा आकडा म्हणजे शटर काउंट. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतले किंवा कॅननचे ७००डी, २००डी हे कॅमेरे साधारण १,००,००० फोटो टिकतील असं धरलं जातं, निकॉन डी७००० मालिकेतले १,५०,०००. ही गॅरंटी नव्हे आणि मृत्यूची तारीखही नव्हे. कोणाचं शटर ६०,००० ला जातं, तर कोणाचं दोन लाखांवरही खटखटत राहतं.

पण आकड्याने कॅमेऱ्याचा इतिहास कळतो. घरगुती माणूस वर्षाला चार-पाच हजार फोटो काढतो, लग्नाचा फोटोग्राफर एकाच लग्नात दोन-तीन हजार. तेव्हा तीन वर्षांच्या कॅमेऱ्यावर ९०,००० दिसले आणि विकणारा म्हणाला की "फक्त फॅमिली ट्रिपला वापरला", तर समजून घ्यायचं. फ्लॅश बसवायची वरची पट्टी बघा. तिथला काळा रंग घासून खालचा धातू चमकत असेल, तर त्या कॅमेऱ्याने बरेच हॉल आणि बरेच अक्षता सोहळे पाहिलेत.

आकडा बघायचा कसा? निकॉनमध्ये प्रत्येक फोटोच्या फाइलमध्येच तो लिहिलेला असतो. तुमच्यासमोर एक नवा फोटो काढायचा, कार्ड रीडरने मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर घ्यायचा आणि शटर काउंट दाखवणाऱ्या एखाद्या साइटवर टाकायचा. फोटो व्हॉट्सॅपवरून साधा फोटो म्हणून मागवू नका, पाठवताना ही माहिती गळून पडते. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत फाइलमध्ये आकडा नसतो. त्यासाठी कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडून सॉफ्टवेअरने वाचावा लागतो. एवढं करायला विकणारा तयार नसेल, तर का नाही, ते त्यालाच विचारा.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. डीएसएलआरवर, म्हणजे पोटात आरसा असलेल्या आणि लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यावर, व्हिडिओ काढताना आरसा वर जातो, शटर उघडं राहतं आणि तासभर चित्रण केलं तरी आकडा जेमतेम हलतो. त्यामुळे यूट्यूबवाल्याच्या कॅमेऱ्याचा काउंट बघून हुरळून जाऊ नका. सेन्सर मात्र तो सगळा वेळ तापलेला असतो.

मेगापिक्सेलबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर आधीच गरजेपेक्षा जास्त बोललं जातं. ए४ आकाराचा उत्तम प्रिंट काढायला पावणेनऊ मेगापिक्सेल लागतात. ४के टीव्हीचा पडदा जेमतेम सव्वाआठ मेगापिक्सेलचा. २०१२ साली आलेल्या निकॉन डी३२०० लाही २४ मेगापिक्सेल आहेत. म्हणजे या बाबतीत दहा-बारा वर्षांपूर्वीचा कॅमेराही तुम्हाला कमी पडणार नाही.

फरक पडतो तो सेन्सरच्या आकाराने. छोट्या खिशात मावणाऱ्या बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, मूगडाळीच्या दोन-चार दाण्यांएवढा. साध्या निकॉन डीएसएलआरचा २३.५ बाय १५.६, क्षेत्रफळाने जवळजवळ तेरापट. चाळीतल्या खोलीला एकच झरोका असला आणि दुसऱ्या खोलीला भिंतभर खिडक्या असल्या, तर संध्याकाळी दिवा आधी कुठे लावावा लागेल? तसंच हे आहे. भर दुपारी गिरगाव चौपाटीवर दोन्ही कॅमेरे ठीक फोटो देतील. रात्री विसर्जनाच्या मिरवणुकीत छोटा सेन्सर रवाळ, पुसट फोटो देऊ लागतो.

हल्ली कॉलेजच्या मुलांमध्ये दोन हजार पाच-सातचे ते छोटे चंदेरी कॅमेरे पुन्हा फॅशनमध्ये आलेत. फोटोला जुना रंग येतो म्हणे. मजा म्हणून हरकत नाही, पण त्यासाठी डीएसएलआरच्या जवळपासचे पैसे मोजू नका. त्यांची लेन्स निघत नाही, त्यामुळे आत बुरशी झाली की कारभार आटोपला. बॅटरी मिळेल याची खात्री नाही. आणि कार्ड! २०२६ चं ६४ जीबीचं कार्ड त्यात चालत नाही. ३२ जीबीपर्यंतचा एसडीएचसी प्रकार २००६ ला आला. त्याआधीच्या कॅमेऱ्यांना बहुधा २ जीबीपर्यंतचं साधं एसडी कार्डच कळतं. काही ऑलिम्पस आणि फुजी कॅमेऱ्यांना एक्सडी नावाचं वेगळंच कार्ड लागतं. कार्ड शोधताना कॅमेऱ्याची हौस फिटते.

भाचीचं बजेट वीस हजार होतं. बहुतेक जण अशा वेळी वीसच्या वीस बॉडीवर, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यावर, घालतात, आणि मग वर्षभर किट लेन्सने घरातले अंधारे फोटो काढत कॅमेऱ्याला दोष देतात. मी तिला उलटं करायला लावलं: बॉडी आणि किट लेन्स मिळून पंधरा-सोळात बसवायची, उरलेल्यातून बॅटरी आणि कार्ड, आणि मग हळूहळू पैसे साठवून एक ५० किंवा ३५ मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स घ्यायची. एफच्या खालचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं. किट लेन्स पूर्ण झूम केल्यावर, म्हणजे ५५ मिलिमीटरला, एफ/५.६ वर अडकते. तिच्यापेक्षा एफ/१.८ ची लेन्स जवळजवळ दहापट उजेड आत घेते. बॉडी बदलून एवढा फरक पडत नाही.

ही लेन्स घेताना एक खड्डा आहे. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकस फिरवणारी मोटर नसते. त्यामुळे लेन्समध्येच मोटर असलेली, म्हणजे नावात 'एएफ-एस' असलेली लेन्स घ्यावी लागते. जुनी '५० एमएम १.८डी' स्वस्तात मिळते, बसतेही छान, पण फोकस हातानेच करावा लागतो. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर आधीपासूनच असते, त्यामुळे तिथे ही भानगड नाही.

डीएसएलआर एवढे स्वस्त का झाले, हेही कळलेलं बरं. २०१८ साली निकॉन आणि कॅनन दोघांनीही आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांसाठी नवीन माउंट, म्हणजे लेन्स बसवायच्या नव्या खाचा, आणले. नव्या लेन्स तिकडे निघू लागल्या आणि हौशी लोक जुनं सामान विकून तिकडे गेले. आपल्यासाठी हे चांगलंच आहे. जुन्या माउंटच्या लेन्स बाजारात ढिगाने आहेत. एका मोहापासून मात्र जपा: 'फुल फ्रेम, एकदम स्वस्तात', म्हणजे साध्या डीएसएलआरहूनही मोठ्या सेन्सरचा कॅमेरा. तो निकॉन डी६०० असेल तर थांबा. २०१२ च्या त्या मॉडेलमध्ये शटरमुळे सेन्सरवर डाग जमायचे, आणि २०१४ मध्ये कंपनीने शटर फुकट बदलून देण्याची सोय केली होती. शटर बदललं असल्याचा कागद असेल तर उत्तम कॅमेरा. नसेल तर आधी सेन्सर तपासा.

सेन्सर तपासायचा तो असा. अॅपर्चर एफ/२२ वर आणायचं, फोकस हाताने बिघडवायचा आणि मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढायचा. भोक बारीक असलं की उजेड बारीक शलाकेसारखा येतो, म्हणून सेन्सरवरच्या धुळीची सावली ठसठशीत पडते. दोन-चार पुसट ठिपके साफ होतात. धागे किंवा ओरखडे दिसले तर नको. नंतर लेन्सला टोपण लावून ३० सेकंदांचा फोटो. काळ्या पडद्यावर लाल-निळे टाचणीएवढे ठिपके किती दिसतात ते बघायचं. थोडे असणारच. मग टाइल्सच्या भिंतीसमोर सरळ उभं राहून एक फोटो, आणि तो मोठा करून चारही कोपरे ताडायचे. एक कोपरा धूसर आणि बाकी तिन्ही स्वच्छ असतील, तर लेन्स कधीतरी आपटली आहे. जवळचं आणि लांबचं असं आळीपाळीने दहा वेळा फोकस करून बघा. फ्लॅश उडवा, प्रत्येक बटण दाबा, कार्ड काढा-घाला. उडप्याकडचा वेटर दोनदा बिल ठेवून जाईल, जाऊ दे.

इथे माझा स्वतःचा एक फजितीचा किस्सा सांगायला हवा. बऱ्याच वर्षांपूर्वी एक छान कॅमेरा मी 'व्ह्यूफाइंडर धूसर आहे' म्हणून नाकारला होता. नंतर कळलं की डोळा लावायच्या खिडकीशेजारी एक बारीक चक्र असतं, ते आपल्या चष्म्याच्या नंबराप्रमाणे फिरवायचं असतं. विकणाऱ्याने ते त्याच्या नंबरावर ठेवलं होतं. कॅमेरा धडधाकट होता. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारे धुळीचे कणही फोटोत येत नाहीत, त्यांच्यावरून भाव पाडायला हरकत नाही.

घ्यायचा कुठून? सीएसएमटीसमोर फोर्टातल्या बोराबाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे जुना मालही मिळतो. भाव थोडा जास्त, पण दुकानदार उद्याही तिथेच बसलेला असतो. महिनाभराची चेकिंग वॉरंटी बिलावर लिहून मागा, तोंडी नको. चोरबाजारात शुक्रवारी सकाळी फिरायला मला फार आवडतं, पण तिथून मी जुने फिल्म कॅमेरे शोभेला आणतो, वापरायचा डिजिटल नाही. ऑनलाइन जाहिरातीवरून घेत असाल तर माणसाला भेटूनच घ्या. 'मी लष्करात आहे, बदली झाली, टोकन पाठवा, कुरिअर करतो' ही ठरलेली लबाडी आहे. आणि यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही, हे घरातल्या सगळ्यांना पाठ असू दे. जुनं बिल मागा आणि कॅमेऱ्याच्या बुडाचा नंबर त्याच्याशी जुळवून बघा. बिल हरवलं असेल, तर विकणाऱ्याकडून नंबरासकट दोन ओळी लिहून सही घ्या. चोरीचा कॅमेरा निघाला तर डोक्याला ताप आपल्याला.

भाचीचा कॅमेरा शेवटी मुलुंडला मिळाला. निकॉन डी३३००, किट लेन्ससह, साडेपंधरा हजार. मालक एक निवृत्त काका. दर रविवारी भांडुप पंपिंग स्टेशनला पक्षी बघायला जाणारे. बॉडीचा एक कोपरा घासलेला, अंगठ्याखालचं रबर गुळगुळीत झालेलं, काउंट ३४,०००. भाचीने तोंड वाकडं केलं. तो दादरचा किती सुंदर होता! मी विचारलं, "काका, पावसाळ्यात कसा ठेवता?" काका उठले आणि आतून पोह्यांचा असतो तसा रबरी कड असलेला मोठा हवाबंद डबा घेऊन आले. आत कॅमेरा, दोन लेन्स, निळ्या दाण्यांच्या चार पुरचुंड्या आणि आर्द्रता मोजायचं एक बारीक घड्याळ. काटा ४५ वर. मी तरी टॉर्च मारून पाहिला, सवय म्हणून. काच स्वच्छ. भाव फारसा केलाच नाही.

काकांनी डबाही तिला देऊन टाकला. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला.

"मामा, दाणे गुलाबी झालेत."

"म्हणजे ओल शोषून भरले. मंद आचेवर तापव, पुन्हा निळे होतील. गार झाले की लगेच डब्यात."

"आईचा तवा घेऊ?"

"अजिबात नको. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. जुनं, टाकायला काढलेलं भांडं घे आणि खिडकी उघडी ठेव. पुढच्या वेळी नारिंगी दाणे आण, त्यात ही कटकट नसते."

"आणि तोवर कॅमेरा?"

"बाहेर काढ आणि फोटो काढ की."